एक दात मागं

गुंजवण्याच्या रखमाजीनं हयातभर भोरच्या एसटी आगारात इंजिनं उघडली, आणि रिटायर झाल्यावर घरच्या अंगणात अर्ध्या वेल्हे तालुक्याच्या मोटारी दुरुस्त केल्या. असा माणूस सत्तरीत स्वतःच्या जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाची वरची-खालची चाकं एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा, चुकीचा बसवत होता, आणि तोही मुद्दाम. हसू नका. तुमच्यावर वेळ आली नाही म्हणून हसताय.

बायको, सखूबाई, दोन वर्षांमागं गेली. मुलगा इंद्रजित बंगळूरला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर; बाप रिटायर व्हायच्या आधीच घराबाहेर पडलेला, अंगणातलं काम त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. रविवारी त्याचा फोन यायचा. "अण्णा, जेवलात? गोळ्या घेतल्या? बरं, ठेवतो." संपलं! बाकी आठवडाभर म्हातारा आणि चार भिंती. एकदा फोनवर रखमाजी सहज बोलून गेला, "गाडीचा बेल्ट बदलायची येळ झाली रं." आणि काय सांगावं, पोरगा असा खुलला! पुढच्या रविवारी सकाळीच व्हिडिओ कॉल लावून बसला. रखमाजीनंही वेड पांघरून पेडगाव गाठलं. "आमच्या एसटीला बेल्ट कुठला? तितं समदे गिअर. मला ह्यातलं काय कळतंय बाबा?"

मग इंद्रजितनं तासभर समजावलं. वरच्या चाकाची खूण, खालच्या चाकाची खूण, दोन्ही जुळल्याशिवाय बेल्ट चढवायचा नाही. रखमाजीनं मान डोलावली आणि बेल्ट एक दात मागं चढवला.

"अण्णा, दात चुकला! परत काढा!"

किती दिवसांनी कुणीतरी त्याच्यावर ओरडलं होतं. म्हाताऱ्याला बरं वाटलं.

तेव्हापासून तेच चाललं. सोमवारी बेल्ट नीट बसवायचा, इंजिन हातानं दोन फेरे फिरवून बघायचं, चालू करायचं, आणि तो गोड आवाज एकट्यानं ऐकायचा. शनिवारी पुन्हा सगळं खोलायचं, आणि रविवारी पोरासमोर परत दात चुकवायचा. असे सहा रविवार गेले.

सातव्या रविवारी इंद्रजित ओरडला नाही. खालच्या आवाजात म्हणाला, "राहू द्या अण्णा. तुम्हाला आता जमत नाही. नसरापूरच्या पप्पूला सांगितलंय, तो उद्या गाडी ओढून नेईल. विकून टाकू."  गाडी गेली की बोलणं पुन्हा गोळ्यांवर येणार, हे रखमाजीला लख्ख दिसलं.

पप्पू आला. आता त्याचं हायवेला मोठं गॅरेज आहे, पण पहिला पाना त्यानं ह्याच अंगणात धरला होता. बॉनेटमध्ये डोकं घालून तो चक्रावला. "वस्ताद, खोलून खोलून बोल्टांची डोकी घासली की! ह्यो बेल्ट तर तुमी झोपंत बसवाल."

 तेवढ्यात इंद्रजितचा व्हिडिओ कॉल आला, "पप्पू, अण्णांना बेल्ट जमत नाही, गाडी घेऊन जा," आणि पप्पूनं भाबडेपणानं सांगून टाकलं, "दादा, न जमायला काय झालं? बेल्ट बसवायला मला ह्यांनीच तर शिकिवलं!"

इंद्रजितनं तोंड स्क्रीनजवळ आणलं.

"अण्णा, मग हे सात आठवडे काय चाललं होतं?"

 रखमाजीला भरून आलेले डोळे लपवता येईनात.

"पयल्याच रविवारी बरुबर बसवला असता," तो म्हणाला, "तर दुसऱ्या रविवारी तू माज्यापाशी तासभर बसला असतास व्हय रं?"