पळण्यात हिरवी, थांबण्यात काळी

धंतोलीच्या दवाखान्यातून शैलामावशी गेल्याचा फोन आला, त्याला महिना होऊन गेला. अजूनही फोन वाजला की उचलण्याआधी मी खाली बसते. जे ऐकायचं ते ऐकून झालंय, तरीही...

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. कॉलेजात फिजिक्स शिकवायची, एकटीच राहायची. तिच्या गॅरेजात दोन जुन्या विलायती मोटारी होत्या. काळी आठशे सीसीची, जेमतेम तीस हॉर्सपॉवर. चढ आला की धापा टाकायची, पण अंगानं हलकी, म्हणून ब्रेक दाबला की जागच्या जागी उभी. हिरवी पंधराशे सीसीची, पन्नास हॉर्सपॉवर. चढावर तिसरा गिअरही बदलावा लागत नसे. मात्र तिचं ते धूड आवरायला ब्रेक जुन्या पद्धतीचे, कमजोर ड्रम ब्रेकच. "पळण्यात हिरवी, थांबण्यात काळी," असा मावशीचा निकाल होता.

गेल्या हिवाळ्यात तिचं हृदय थकलं. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. दोन्ही सांभाळणं होईना, तेव्हा एक विकायची ठरली. पण कोणती, ते काटोल रोडवर दोन्ही एकदा शेवटच्या पळवूनच ठरवीन, असा तिचा हट्ट. तिला एकटीला सोडायची भीती वाटली, म्हणून मी शेजारी बसले. सकाळी काळी पळवून आणली. दुपारी हिरवी काढली.

उतारावर पुढे संत्र्यांनी भरलेला टेम्पो होता. मावशीनं ब्रेक दाबला, तर पाय सरळ तळाला गेला. पुन्हा दाबला, तेच. टेम्पोच्या मागच्या फळीवरची अक्षरं झपाट्यानं मोठी होऊ लागली. "धरून बस," एवढंच ती म्हणाली. दुसरा गिअर, मग करकरत पहिला, हँडब्रेक... आणि गाडी कडेच्या भुसभुशीत मातीत घुसून एका बाभळीच्या अलीकडे थांबली.

मावशीचे ओठ पांढरे पडले होते. मी तिच्या जिभेखाली गोळी ठेवली आणि तिचा श्वास ऐकत राहिले. दोन श्वासांमधलं अंतर वाढलं की माझाही श्वास अडकायचा.

रंग परत आल्यावर मी म्हटलं, "मावशी, ही हिरवीच विकून टाक."

"काहून वं? काळीले कोणीबी सांभाळून घेईन. ही नवशिक्याच्या हाती गेली, तं जीव जाईन त्याचा." मग तिनं पुन्हा एकदा ब्रेक दाबून पाहिला. "मलेही भेव वाटलं वं आज." तिच्या तोंडून असं मी कधीच ऐकलं नव्हतं. मला जास्त भीती त्या वाक्याची वाटली.

काळी विकली गेली. हिरवीचे ब्रेक मावशीनं नवे करून घेतले, पण त्यांच्यावर पाय ठेवायला ती उरली नाही. गाडी आता माझ्याकडे आहे. मावशी बुटकी, समोरचं दिसावं म्हणून सीटवर उशी घेऊन बसायची. उशीत तिच्या बसण्याचा खळगा अजून तसाच आहे. मी उंच, त्यावर बसलं की डोकं छताला लागतं. तरी उशी काढवत नाही. मान वाकवून बसते, ब्रेक दाबून पाहते. ब्रेक लागतो. पुन्हा दाबते... किल्ली फिरवायला मात्र हात अजून धजत नाही.