पोटभर जेवलेला मासा

परवा रोहू साफ करताना त्याच्या पोटातला पांढरा हवेचा फुगा बोटांना लागला आणि मी सुरी खाली ठेवली. या फुग्यावरच मासा पाण्यात तोल सांभाळतो, हे मला प्राचीनं सांगितलं होतं. फार उशिरा.

वीसेक वर्षांपूर्वी बदलापुरात आमच्या वरच्या मजल्यावर राहायची ती, सहावीतली. मे महिन्यात गावी जाताना आपला गोल्डफिश माझ्याकडे ठेवून गेली. "काकू, चिमूटभरच खायला घाला हं."

पण घरी आलेल्याला कोणी चिमूटभर वाढतं का? मी दिवसातून चारदा घालत राहिले. पाचव्या दिवशी तो पोट वर करून तरंगू लागला. त्याचे कल्ले हलताना मला दिसत होते. पण बघवेना, म्हणून मेलाच असं ठरवून मी त्याला कुंडीतल्या मातीत पुरलं.

परत आल्यावर मासा गेल्याचं ऐकून तिनं विचारलं, "उलटा झालेला का? जास्त खाल्लं की फुगा दबतो. दोन दिवस उपाशी ठेवलं की होतो सरळ."

"नाही गं, झोपेतच गेला," मी म्हणाले.

तिनं डोळे पुसले आणि माझा हात धरला. "जाऊ दे काकू. तुमच्याकडे पोटभर जेवून तरी गेला."