पहिली निवड कोणाची

फुटबॉलच्या मैदानावर मी कधी पाऊल ठेवलं नाही. मी टीम चालवतो, तीही फोनवरच्या गेममध्ये. आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे, बहुतेक सगळे एकाच कारखान्यातले. सीझन संपला की खेळात नवे खेळाडू येतात आणि सगळ्यात खाली राहिलेल्या टीमला पहिली निवड मिळते. हरणाऱ्याचे एवढे लाड मी दुसरीकडं कुठं पाहिले नाहीत.

दोन टीम गुणांत बरोबरीत राहिल्या तर आधी कमी विजय कुणाचे ते बघतात. तेही सारखे असतील तर कुणाच्या वाट्याला सोपे प्रतिस्पर्धी आले होते ते. सोप्यांशी हरला तो जास्त कमजोर, म्हणून तो पुढं. तिथंही बरोबरी झाली की संगणक चिठ्ठी काढतो. ती चिठ्ठी आम्हाला पटायची नाही. आमच्यात नाणं उडवायची पद्धत होती, आणि उडवणारा माणूस खेळातला नसावा एवढाच नियम.

काही वर्षांपूर्वी मला आणि कारखान्यातल्या माझ्या जोडीदाराला एकदमच डेंग्यू झाला. आम्ही एकाच वयाचे, एकाच मशीनवरचे, आणि दवाखान्यातही खाटा शेजारी. मेल्या प्लेटलेट्सही दोघांच्या सारख्याच उतरत होत्या. तुमचे रिपोर्ट अदलाबदल झाले तरी कळायचं नाही, असं नर्सबाई हसून म्हणाल्या होत्या. त्यातच आमच्या टीमही तळाला बरोबरीत आल्या. विजय सारखे, प्रतिस्पर्धीही सारखेच.

त्याची बायको डबा घेऊन आली होती. नाणं तिच्या हातात दिलं. त्यानं काटा मागितला. नाणं खाटेखाली घरंगळलं, तिनं वाकून उचललं आणि काटा पडल्याचं सांगितलं.

"पयला नंबर माझा," तो म्हणाला. "तू ये निवांत मागून."

संध्याकाळी त्याला आयसीयूत नेलं. तिथून तो परत आला नाही. मी मात्र बरा होऊन घरी गेलो.

तेव्हापासून एक विचार माझी पाठ सोडत नाही. सगळं सारखं असताना आमच्यातला एक निवडायचा होता, आणि कुणीतरी तो त्या नाण्यावरून निवडला. मी देवभोळा नाही. तरी गुलमंडीत दुकानदार सुट्टे पैसे पुढं करतो तेव्हा माझा हात आखडतो. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

त्याची टीम आम्ही काढली नाही. संगणकच ती चालवतो. यंदा ती पुन्हा माझ्याशी बरोबरीत आली, तळाला, सगळ्या कसोट्यांवर. ग्रुपवर एकानं लिहिलं, नाणं वहिनींनीच उडवावं. मला भीती वाटत होती, पण नाही म्हणता आलं नाही.

हर्सूल तलावाच्या अलीकडं त्यांचं घर. भर दुपारी गेलो. वहिनींनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, पण नाणं काही हातात घेतलं नाही.

"भाऊजी, त्या दिवशी काटा नव्हता पडला. छापा होता. त्यांचं तोंड उतरलं असतं, म्हणून खोटं बोलले मी."

छापा म्हणजे पहिला मी.

"खरं सांगितलं असतं," तिनं हळूच विचारलं, "तर ते राहिले असते का हो?"

म्हणजे तोच विचार तिच्याही घरात नांदत होता. वहिनी, तो नुसता खेळ होता, असं मी म्हणायला हवं होतं. शब्द तोंडाशी आलेही. पण मी तिच्यासमोर जिवंत बसलो होतो, तिनं केलेला चहा पीत, आणि ती माझ्याकडं असं बघत होती, जणू मी त्याच्या जागेवर बसलोय.