राजय्यांची बदली

राजय्या खुर्चीवर कधी सरळ बसले नाहीत. आधी बैठकीवरून तळहात फिरवायचे, मग वाकून चारी पाय हलवून बघायचे, दौतीत शाईच आहे ना याची खात्री करायचे आणि मगच सगळ्यांना आदाब करून टेकायचे. एखाद्या दिवशी कुणाची काहीच खोडी सापडली नाही, तर मात्र चेहरा उतरायचा. "आज कोनाची तब्येत बिघडली हाय काय?" असं काळजीनं विचारायचे.

सेलूच्या आमच्या सरकारी कचेरीत ते उर्दू कागदांच्या नकला करायचे. मूळचे तेलंगणातले. निजामाच्या अमलात बदली होऊन इकडे आले आणि बायकोसह इथेच रुजले. बाजारात ऐकून ऐकून मराठी शिकले. आम्ही, म्हणजे मी आणि नागोराव, विशीतले टवाळ कारकून. कामापेक्षा उचापतीच जास्त. त्यांच्या शेरवानीच्या बाह्या आम्ही आतून शिवल्या, खिशात सरकी भरली. एकदा त्यांचा चिंचेच्या भाताचा डबा पळवून जागी भाकरी आणि नागोरावच्या आईनं कुटलेला जहाल ठेचा ठेवला. गृहस्थानं सगळा संपवला. डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि म्हणतात कसे, "लय चांगलं. मिरची जरा कमी पडली."

त्यांच्यावर कुणाला रागावताच यायचं नाही, आणि ते तर कधीच रागवायचे नाहीत. "हसल्यानं कोनाची नोकरी जात न्हाई, बाबू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

छप्पन साल उजाडलं. जुन्या निजामी राज्याचे तीन तुकडे होणार, ज्याची जी भाषा त्यानं त्या मुलखात जायचं, अशी जिकडेतिकडे चर्चा. मला त्यातही मस्करीच सुचली. माझं उर्दू अक्षर वळणदार होतं आणि कपाटात जुना शिक्का पडलेला होता. मी राजय्यांच्या नावे हुकूम लिहिला: तात्काळ देवगाव फाट्यावर रुजू होऊन येणाऱ्या-जाणाऱ्या बैलांची शिंगं मोजावीत. राजय्यांनी तो उभं राहून खणखणीत आवाजात वाचला आणि पोट धरून हसले. मग मी आणखी दोन लिहिले. तेही त्यांनी मेजाच्या खणात जपून ठेवले.

पुढे एका सकाळी त्यांनी नवा हुकूम वाचून दाखवला. तेलंगणात बदली, पंधरा दिवसांत रुजू व्हावं. "या टायमाला शिक्का लय साफ मारला," म्हणून त्यांनी नागोरावची पाठ थोपटली आणि कागद खणात टाकला. मला वाटलं नागोरावनं लिहिला, नागोरावला वाटलं मी. दोघंही मनापासून हसलो.

बारा दिवसांनी आमच्या हेडक्लार्कनी मला सहज विचारलं, राजय्या कामाचा ताबा कधी देणार? हुकूम तर केव्हाच त्यांच्या मेजावर ठेवलाय. म्हणजे तो हुकूम खरा होता, आणि राजय्या त्याला आमची मस्करी समजून बसले होते. मुदतीत रुजू झाले नाहीत तर नाव कटणार, इतक्या वर्षांची चाकरी मातीत जाणार, आणि तीही माझ्या मस्करीपायी. त्या दिवशी राजय्या रजेवर होते. भर उन्हात मी त्यांच्या घराकडे पळत सुटलो. वाटेत स्वतःला काय काय शिव्या दिल्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दार उघडंच होतं. आत वळकट्या बांधलेल्या, भांडी पोत्यात भरलेली. राजय्या ट्रंकेला दोरी आवळत होते. मला धाप लागलेली पाहून त्यांनी आधी पाणी दिलं.

"राजय्याजी, तो हुकूम खरा आहे हो," मी कसाबसा म्हणालो.

"मालूम हाय. पहिल्याच दिवशी समजलं."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी दोरीची गाठ मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगितलं असतं तर तुमी सगळे माझ्याशी चांगलं वागायला लागले असते, बाबू. मला ते बघवलं नसतं."

मला रडू आवरलं नाही. ते मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून, उद्याच्या गाडीला जागा मिळेल का, असं विचारत राहिले. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर सगळी कचेरी आली होती. राजय्या प्रत्येकाला गळामिठी घालून डब्यात चढले.

महिन्याभरानं पत्र आलं. अक्षरं वेडीवाकडी, पण मराठीत. प्रकृती बरी आहे, घर मिळालं, भात मनासारखा मिळतो, असं सगळं लिहून शेवटी होतं: "इथे आपली भाषा, आपला मुलूख. कचेरीत सगळे मला लय मान देतात, बाबू. होईल सवय."