तीन सारखे वाटे

आमच्या घरात भांडणाला विषय कधी कमी पडले नाहीत, पण इंटरनेटवरून माणसं एकमेकांशी अबोला धरतील असं कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

अमरावतीतल्या त्या घरात कनेक्शन एक आणि कॉम्प्युटर तीन. एक माझा. मी वकिलांची कागदपत्रं घरीच टाइप करून, स्कॅन करून पाठवायचे. दुसरा दिरांचा. भातकुलीला त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. लागोपाठच्या नापिकीत गिऱ्हाईकच येईनासं झालं, दुकान बंद पडलं आणि तिथला कॉम्प्युटर तेवढा घरी आला. त्याच्यासमोर बसून ते दिवसभर कापसाचे भाव बघत. कापूस ना त्यांना विकायचा होता, ना घ्यायचा. भाव बघून कंटाळले की क्रिकेटचे जुने सामने लावत. तिसरा जावेचा. ती अकोल्याची, गणितात एम.एस्सी. नवऱ्याचं दुकान गेल्यापासून इंटरनेटवरून शिकवण्या घ्यायची तिची धडपड चालली होती.

त्या लाइनीचा जीव तो केवढा! माझ्या फाइली वर चढू लागल्या की शिकवताना तिचा आवाज तुटायचा. दिरांचा सामना सुरू झाला की माझ्या फाइली अडायच्या. मग मी दारातून ओरडायचे, "भाऊजी, हारलो आपन तो सामना! कितीक वेळा पायता?" ते उलटून बोलत नसत. ते बोलत नसत याचाच मला जास्त राग यायचा.

शेवटी सासऱ्यांनी न्याय केला. मोर्शीकडे त्यांची संत्र्याची बाग होती, भावाबरोबर सामाईक विहिरीवर. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. एका उन्हाळ्यात त्यांनी आपली पाळी भावाला उसनी दिली, पुढच्या वर्षी भावानं ती हक्कानं मागितली, आणि दोघांचं बोलणं कायमचं तुटलं. पुढे पाणी इतकं खोल गेलं की दोघांच्याही बागा वाळल्या आणि सासरे आमच्याकडे राहायला आले. लाइन जोडणाऱ्या माणसाला बोलावून ते म्हणाले, "तिघांले सारखे वाटे पाडून दे. याचं त्याच्यात गेलं नाई पायजे. आज उसनं घेतलं का उद्या मानूस हक्क सांगते."

त्यानं तसं करून दिलं आणि भांडणं थांबली. तिघांचंही सारखंच रडतखडत चालायला लागलं. सगळ्यांना सारखाच त्रास असला की माणसं तो मुकाट्यानं सोसतात.

मग जावेला पुण्याच्या एका शिकवणीच्या कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. व्हिडिओवर शिकवून दाखवायचं होतं. जमलं तर घरबसल्या नोकरी. नाही तर अकोल्याच्या एका शाळेत तिच्या वडिलांनी जागा बघून ठेवली होती. आपल्या लहान मुलीला घेऊन तिनं माहेरी राहायचं. दीर काही सासुरवाडीला जाऊन राहणारे नव्हते. म्हणजे घरचा एक संसार दोन गावांत होणार. आणि माझं काय? त्या घरात मनातलं बोलायला मला ती एकटीच होती. सकाळी दोघी मिळून पोळ्या करताना आम्ही अख्ख्या गल्लीची उणीदुणी काढायचो, तेवढ्यावर माझा दिवस निभायचा. ती जाऊ नये म्हणून मी नवस बोलले होते. तिला मात्र ते सांगितलं नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी सासऱ्यांनी हुकूम सोडला, "सारं बंद करा. आज लाइन तिची." दिरांनी तर वायरच उपटून ठेवली. वकील फोनवर खेकसत होते तरी मी कॉम्प्युटर बंद केला आणि स्वयंपाकघरात डाळ निवडत बसले. सासरे तिच्या लावलेल्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. शिट्टीचा आवाज आत जाईल म्हणून कुकरही लावू देईनात.

सुरुवातीला आतून तिचं झरझर बोलणं ऐकू आलं. मला बरं वाटलं. मग ती अडखळायला लागली. "हॅलो सर, आवाज येतो आहे का? सर, तुमचं चित्र थांबलंय." तेच गणित पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथंच अडणं. दीर दारात येऊन उभे राहिले. "सारं बंद हाय, मंग काहून असं होऊन राहिलं?" ते पुटपुटले. थोड्या वेळानं आतला आवाज थांबला.

ती बाहेर आली ती सरळ स्वयंपाकघराच्या दारात. "तुमच्या फायली झाल्या का चढून, ताई?"

मी डाळीचं सूप खाली ठेवलं. "अवं, बंद हाय माहं. जाऊन पाह्य ना."

"आता बंद हाय," ती म्हणाली.

संध्याकाळी माझा नवरा घरी आल्यावर सेटिंग उघडून बसला, तेव्हा उलगडा झाला. वाटे पक्के बांधलेले होते. आम्ही आपापलं बंद केलं, तरी आमचे वाटे नुसते पडून राहिले, तिच्याकडे काहीच सरकलं नाही. शेजारची मोटर बंद झाली की आपल्याला पाणी जास्त मिळतं, तसंच हे असणार असं सासऱ्यांनी धरलं होतं. आणि याचं त्याच्यात जाऊ देऊ नको, हे सांगणारेही तेच. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. त्या रात्री ते जेवले नाहीत.

आम्ही तिला सगळं समजावून सांगितलं. नवऱ्यानं सांगितलं, दिरांनी सांगितलं, सासऱ्यांनी तर हात जोडले. ती "बरं" म्हणाली. सासरची सगळी माणसं एका सुरात एकच गोष्ट सांगू लागली की सुनेला ती आपसात ठरवलेलीच वाटते. तिच्या जागी मला तरी दुसरं काय वाटलं असतं?

पुण्याहून नकार आला. शाळा सुरू व्हायच्या आत ती निघाली. तिला अकोल्याच्या एस.टी.त बसवायला मी स्टँडवर गेले होते. मुलीला मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली, बाहेर हात काढून तिनं माझा हात धरला.

"तुमचंबी कामच व्हतं, ताई. मले समजते. मी मनात नाई ठेवलं."

"अवं नाई, ऐक तर," म्हणेपर्यंत कंडक्टरनं घंटी मारली. न केलेल्या गुन्ह्याची माफी मिळाली की माणसानं बोलायचं तरी काय? बस वळेपर्यंत मी हात हलवत उभी राहिले.