आधी पडणाऱ्या रमाक्का

रमाक्का रोज सकाळी आधी पडत. चुकून नव्हे, ठरवून. हैदराबादेत नल्लकुंट्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर सतरंजी अंथरायची, पुढ्यात लाल खोळीची जाड उशी ठेवायची आणि उकिडवं बसून धप्पकन तिच्यावर कोसळायचं. मोजून तीनदा. मग ओढणी कमरेला घट्ट बांधून बकासनाला लागायचं. तळवे जमिनीवर, गुडघे दंडांवर टेकलेले, पाय हवेत आणि सगळा भार हातांवर. वय सदुसष्ट!

मी तेव्हा पुण्याहून नुकतीच आले होते. नोकरी सॉफ्टवेअरची, डोकं तापट. न राहवून विचारलं, "अक्का, हे काय वय आहे का बगळा व्हायचं?"

"हौ गं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं आबिड्सला पोस्टाच्या खिडकीत खुर्चीवर बसले. आता जरा हातावर बसून बघते."

त्यांचं घराणं तीन पिढ्या हैदराबादेतलं. भाजीवाल्याशी भांडण तेलुगूत, देवाशी बोलणं मराठीत आणि नको असलेल्या गोष्टीला ठणठणीत "नक्को!" मीही त्यांच्या शेजारी सतरंजी टाकली. आठ दिवसांत पाय तसूभरही उचलले गेले नाहीत, तशी मी वैतागून उठले. अक्का हसल्या. "जल्दी कशाची एवढी? गाडी सुटायलीय का तुझी? बस खाली. आधी पडायला शीक."

पडायला शिकायचं म्हणजे काय, ते एकदा चहा पिताना कळलं. दोन वर्षांपूर्वी त्या न्हाणीघरात पडल्या होत्या. हाड मोडलं नव्हतं, पण उठताच येईना. दूधवाल्याने हाका मारून शेजाऱ्यांना जमवेपर्यंत ओल्या फरशीवर पडून राहिल्या. "पडल्याचं काही नाही गं," त्या म्हणाल्या. "उठता आलं नाही, त्याची भीती बसली. ती काढायलेय मी." तेव्हापासून त्यांचा मुलगा सुधीर बेंगळुरूहून एकच धोशा लावून होता, घर बंद कर आणि माझ्याकडे ये. अक्कांना हे घर सोडायचं नव्हतं. "तिथं मी पाहुणी," म्हणायच्या, "इथं मालकीण."

आणि मग मी माती खाल्ली. एका सकाळी त्यांचे पाय क्षणभर उचलले गेले. मी हौसेने मोबाइलवर टिपलं. त्यात पुढचं कोसळणंही आलं. न बघताच ते इमारतीच्या ग्रुपवर टाकून मोकळी झाले. फ्लॅट सुधीरच्या नावावर, म्हणून तोही त्या ग्रुपवर. शनिवारी सकाळी स्वारी गच्चीवर हजर. "आई, आता एक शब्द ऐकणार नाही. सामान बांध." मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

अक्का शांत. "हौ, बांधते. आधी बस आणि बघ."

त्या बसल्या. तळवे टेकले, गुडघे दंडांवर आले, पाय उचलले. एक श्वास, दीड श्वास, आणि धप्प! सुधीर ओरडून धावला.

"हात लावू नको!" अक्का उशीतूनच गरजल्या. कुशीवर वळल्या, तळवा टेकला, गुडघा रोवला आणि उभ्या राहिल्या. "बघितलंस? मी पडते याची भीती ना तुला? अरे, मी रोज पडते. आणि रोज उठते. त्या दिवशी हे येत नव्हतं मला."

सुधीर सतरंजीवरच बसला. त्याचे डोळे भरले होते, माझेही. उशी चाचपत म्हणाला, "कापूस पार दबलाय हिचा. दुसरी भरून देतो." संध्याकाळच्या गाडीने तो एकटाच परतला.

संक्रांतीच्या आसपास अक्कांनी बकासनात पाच श्वास काढले. पायाखालून हवा जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. "मोबाइल काढलास तर बघ," एवढं मात्र आधीच बजावलं होतं. त्यानंतर त्या सहा वर्षं त्याच घरात मालकिणीसारख्या राहिल्या. गेल्या वर्षी चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि आपल्याच पलंगावर गेल्या. सुधीरने घर आवरताना ती लाल उशी न मागता माझ्या हातात ठेवली.

इतकी वर्षं मी कितीदा हे आसन सोडलं आणि कितीदा धरलं, कोण जाणे. परवा गच्चीवर सतरंजी अंथरली, उशी मांडली आणि आधी तीनदा पडले. चौथ्या वेळी पाय उचलले. खरंच उचलले! एक अख्खा श्वास. आनंदाने मान वळवून शेजारी बघायला गेले आणि धप्पकन आपटले. शेजारी कुणीच नव्हतं. थोडं रडले. मग कुशीवर वळले, तळवा टेकला, गुडघा रोवला आणि उठले.