कुंकू लावलेली फ्लॉपी

फ्लॉपीचं शटर सरकवलं आणि माझ्या टेबलावर कुंकू सांडलं.

शटर म्हणजे फ्लॉपीच्या कडेची सरकती धातूची पट्टी. तिच्या आड प्लास्टिकची पातळ, लवचिक चकती असते आणि सगळा डेटा त्या चकतीवर असतो. तिला नुसतं बोट लागलं तरी आम्ही लोक कळवळतो. इथे तर हळद होती, कुंकू होतं, झेंडूची वाळलेली पाकळी होती. फक्त नारळ फोडायचा राहिला होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पूजा," समोर बसलेले वसंतराव म्हणाले. "दर दसऱ्याला करायचो. कीबोर्ड, ढोलकी, अँप्लिफायर आणि फ्लॉप्या."

"शटर उघडून?"

"मग? बंद दाराला कुंकू लावून काय उपयोग मॅडम? आत पोचायला नको?"

जुन्या डिस्क, टेप आणि फ्लॉप्यांमधून फायली काढून देणं हा माझा धंदा. ठाकूरद्वारला एका पोटमाळ्यावर ऑफिस आहे. चहात भिजलेल्या फ्लॉप्या मी पाहिल्यात, मुंग्यांनी संसार थाटलेल्या पाहिल्यात. एका डॉक्टरांनी तर डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवल्या होत्या. पण भक्तीने मेलेला डेटा पहिल्यांदाच बघत होते.

वसंतराव लालबागचे. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. त्यांच्या जुन्या कीबोर्डला फ्लॉपीची खाच होती. ढोलकीला त्यांचा दोस्त बाळू. हा बाळू शिमगा आला की कोणाला न सांगता गावी पळायचा आणि इकडे कार्यक्रमाची बोंब व्हायची. शेवटी वसंतरावांनी त्याला धरून बसवला, कीबोर्डच्या पट्ट्यांवर बोटांनी ढोलकी वाजवून घेतली आणि फ्लॉपीत भरून ठेवली. बाळू नसला की फ्लॉपी वाजायची.

"आणि आता कशाला हवी?"

"बाळूला लकवा मारला. उजवा हात गेला. घरातून बाहेर पडत नाही, कोणाशी बोलत नाही. यंदा गणपतीत आम्ही सगळे जुने परत वाजवणार आहोत. दुसरा ढोलकीवाला मिळेल हो, छप्पन मिळतील. पण त्याच्या जागेवर दुसरा बसला तर तो आयुष्यात परत येणार नाही. त्याचीच ढोलकी वाजली तर येईल."

"नाही आला तर?"

"तर मी तरी कशाला वाजवू?"

हे ऐकल्यावर मी फ्लॉपी परत कशी करणार? ठेवून घेतली. मनातल्या मनात दोघांनाही चार शिव्या दिल्या आणि कामाला लागले.

अशी फ्लॉपी सरळ ड्राइव्हमध्ये घालायची नसते. ड्राइव्हचं हेड, म्हणजे वाचणारा भाग, चकतीला घासून चालतं. मध्ये कुंकवाचा कण आला की तो सँडपेपरचं काम करतो. म्हणून मी फ्लॉपीचं कवच कापलं, चकती बाहेर काढली आणि अल्कोहोलने हलक्या हाताने धुतली. ट्रेमधलं अल्कोहोल लालभडक झालं. ट्रे बघून खालचा शिंपी विचारायला आला की कोणाला लागलं का. चकती वाळवली, दुसऱ्या कोऱ्या फ्लॉपीच्या कवचात घातली आणि एका जुन्या ड्राइव्हला बळीचा बकरा करून त्यात सरकवली. ड्राइव्ह कण्हला, खरखरला, पण वाचायला लागला.

फाइल मिळाली. मी वसंतरावांना बोलावून घेतलं आणि ऐटीत प्ले दाबलं.

पियानो वाजला. तोही असा, की शेजारच्या मुलाने दोन्ही मुठींनी बडवावा.

"मॅडम," वसंतराव म्हणाले, "ही कुठल्या बालवाडीची फ्लॉपी?"

"तुमचीच आहे."

"आमचा बाळू पियानो वाजवायचा? त्याच्या बापाने तरी पाहिला होता का पियानो?"

मग त्यांना समजावलं. असल्या फाइलमध्ये आवाज नसतोच. कुठली पट्टी कधी दाबली, किती जोरात दाबली, एवढंच लिहिलेलं असतं. पाककृतीसारखं. चव ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरावर. माझ्या कॉम्प्युटरला ढोलकी ठाऊक नव्हती, त्याने हाताशी होता तो पियानो वाढला. दुसऱ्या दिवशी वसंतराव आपला नवा कीबोर्ड टॅक्सीत घालून घेऊन आले. तो पोटमाळ्याच्या शिडीवरून चढवताना कीबोर्ड वाचला, माझी ट्यूबलाइट गेली. वसंतरावांनी कुठल्या पट्टीवर ढोलकीची कुठली थाप होती ते आठवून आठवून सांगितलं, मी तसे आवाज लावले. पुन्हा प्ले दाबलं.

या वेळी ढोलकी कडाडली. पोटमाळ्याची फळी हादरली. वसंतराव खुर्चीतून अर्धे उठले.

"आला," ते म्हणाले. "आला बघा साला."

मला त्या माणसाचा चेहराही माहीत नव्हता, पण माझ्याही अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू.

आणि ऐन रंगात ढोलकी बंद पडली. नुसती शांतता. मग पुढे कुठून तरी पुन्हा सुरू झाली.

मी काय झालं ते दाखवलं. चकती आणि कवच यांच्या मध्ये अक्षतेचा एक दाणा दबून बसला होता. चकती फिरली की तो घासायचा. तेवढी जागा खरवडली गेली होती आणि तिथला डेटा कायमचा गेला होता. पुढचं आणि मागचं मी हाताने जोडलं होतं, पण मधलं जगात कुठेच नव्हतं.

"आधीचा तुकडा कॉपी करून इथे टाकते," मी म्हणाले. "कोणाला कळणार नाही."

"बाळूला कळेल."

"मग काय करायचं?"

"त्यालाच विचारू."

म्हणून लॅपटॉप आणि स्पीकर घेऊन आम्ही परळला गेलो. चाळीचा टॉवर झालेला, बाळू वरच्या मजल्यावर खिडकीशी खुर्चीत. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. तोंड किंचित वाकडं झालेलं, जीभ मात्र शाबूत.

"वश्या, ही कोण? इन्शुरन्सवाली?"

"गप रे. ऐक."

मी प्ले दाबलं. बाळूने आधी खिडकीबाहेर बघितलं, मग स्पीकरकडे. चेहऱ्यावरून काही कळेना. माझं लक्ष त्या रिकाम्या जागेकडे.

ढोलकी थांबली.

आणि बाळूच्या डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर धुम, धुम करत ती जागा भरली. अगदी सहज. ढोलकी परत सुरू झाली तेव्हा हात आपसूक थांबला. वसंतराव भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होते.

"मधे काय झालं?" बाळूने विचारलं.

"अक्षता अडकली होती," मी म्हणाले.

"बघ!" तो वसंतरावांवर उखडला. "मी तेव्हाच बोललेलो ना, कुंकू लाव, अक्षता नको! ऐकतोय कोण! आणि पुढे लय पळालीय, तेव्हाही बोललेलो, परत घेऊ. तर हा बोलतो चालतंय!"

वसंतरावांइतकं खूश होऊन शिव्या खाताना मी कोणालाच पाहिलं नाही.

"हे भरून टाकू का?" मी विचारलं.

"हात लावायचा नाही," बाळू म्हणाला. "ती जागा माझी आहे."

गणपतीत मला आमंत्रण होतं. स्टेजवर बाळू आपल्या जागी बसला होता, ढोलकी पुढ्यात. ढोलकीची डावी बाजू डाव्याच हाताची असते, हे मला तेव्हा कळलं. फ्लॉपीतून काढलेली ढोलकी वाजत होती. रिकामी जागा आली, बाळूचा हात पडला. जागा संपली तरी हात थांबला नाही. शेवटपर्यंत फ्लॉपी आणि तो, दोघं मिळून वाजले. लय पळाली ती दोघांची बरोबरच पळाली.

धंद्याचं शहाणपण म्हणाल तर एवढंच: कॉपी दोन ठेवा, आणि देवाला शटरच्या बाहेरूनही दिसतं.

फाइल मी त्यांना पेनड्राइव्हवर दिली होती. टोपण काढायचं नाही, असा दम देऊन. दसऱ्याला वसंतरावांनी फोटो पाठवला. ढोलकी, तिच्यावर पेनड्राइव्ह, टोपण घट्ट, टोपणावर कुंकवाचं बोट. मी फोटो मोठा करून नीट पाहिला. अक्षता एकही नव्हती.